बारा खणांची पेटी

सासऱ्यांच्या एका पायात शेवाळी मोजा होता आणि दुसऱ्यात विटकरी. औषधांच्या दुकानात सकाळी अकराची वेळ म्हणजे जरा श्वास घेण्याची. खोकल्यावाले येऊन गेलेले असतात आणि दवाखान्यातून चिठ्ठ्या घेऊन सुटणारे अजून यायचे असतात. त्याने काउंटरच्या बाहेर येऊन स्टूल पुढे केलं, "बसा अण्णा," म्हणाला, ते बसले, पँट वीतभर वर सरकली आणि ते दोन मोजे त्याला दिसले. दुसरा कोणी असता तर त्याने हसून टाळी मागितली असती. अहो, आज काय घाईत निघालात की काय! पण अण्णांच्या बाबतीत ते हसू ओठापर्यंत येऊन तिथेच वाळलं. छत्तीस वर्षं कापड गिरणीच्या रंगखात्यात मास्तर होता हा माणूस. लग्न ठरण्याआधी पहिल्यांदा भेटले तेव्हा नाव-गाव-पगार राहिलं बाजूला, त्याच्या शर्टाकडे बघून म्हणाले होते, "फसवलं तुम्हाला. बाही एका थानातली आणि कॉलर दुसऱ्या." तो घरी जाऊन तासभर दिव्याखाली बाही आणि कॉलर शेजारी धरून बसला होता आणि त्याला काहीही दिसलं नव्हतं. तो शर्ट मात्र त्याने पुन्हा घातला नाही.

"गोळ्यांच्या पाकिटावर जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या," अण्णा म्हणाले. "सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली. माझा घोळ होतो त्यात." सकाळची गुलाबी आणि संध्याकाळची पोपटी. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्याने पेन घेतलं, एका पाकिटावर 'सकाळ' लिहिलं, दुसऱ्यावर 'सं' लिहिलं आणि हात थांबला. कारण तेवढ्यात अण्णांनी पिशवीतून ती पेटी काढून काउंटरवर ठेवली होती. "आणि ही तुमच्याकडेच राहू दे. माझा हात गेला आता."

"असा कसा हात जाईल अण्णा?"

"गेला. अख्ख्या वर्षात एक मासा नाही. त्यांनाही कळतं हो, काठी कोणी धरलीय ते." ते हसले, गोळ्या खिशात टाकल्या, त्याच्या पाठीवर थाप मारून पायऱ्या उतरले. एक पाय शेवाळी, एक विटकरी. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो बघत राहिला, आणि मग त्याची नजर काउंटरवर गेली. पेटी! पेटी तर त्यानेच लावली होती.

चपटी पत्र्याची पेटी. आत सहा-सहाच्या दोन ओळी, बारा खण, आणि बारा खणांत बारा खोटे मासे. लाकडाचे, बोटभर लांबीचे, पोटाखाली दोन गळ. सगळे एकाच मापाचे, अण्णांनीच तासलेले आणि त्यांनीच रंगवलेले, वर्षानुवर्षं, गिरणीतून वाटीवाटीने आणलेल्या रंगांनी. डोळे मिटून हातात धरलं तर एक दुसऱ्यापासून ओळखू येणार नाही. फरक काय तो रंगाचा. बास हा मासा भुकेने कमी चावतो, रागाने जास्त, असं अण्णा म्हणत, आणि त्याचा राग कुठल्या पाण्यात कुठल्या रंगावर निघतो एवढंच काय ते माणसाने ओळखायचं असतं. नितळ पाण्याला फिका. गढुळाला भडक. सूर्य कलला की काळा. हे सगळे ढोबळ नियम, ते तर तलावावर येणाऱ्या कुठल्याही नवशिक्याला पाठ असतात. अण्णांचं तसं नव्हतं. ते काठावर उभे राहायचे, आधी आभाळाकडे बघायचे, मग पाण्यात कोपरापर्यंत हात घालून स्वतःच्या बोटांकडे बघायचे, आणि मग पेटी उघडून नेमका एक उचलायचे. दातांचे डॉक्टर, जे अण्णांचे जुने दोस्त आणि काठावरचे शेजारी, त्यांची काठी तोपर्यंत नुसती खांद्यावर असायची. "मास्तर, आज कुठला?" अण्णांनी सांगितल्याशिवाय डॉक्टर दोऱ्याला काही बांधत नसत.

गेल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर अण्णा थोरल्या मुलीकडे आठ दिवस राहायला गेले होते आणि घराची किल्ली याच्याकडे होती. झाडांना पाणी घालायला म्हणून तो गेला, आणि कोनाड्यात पेटी दिसली. उघडून बघतो तर काय, चिखल सुकलेला, गळांना गंज, आणि मासे कसेही कोंबलेले. हिरव्याशेजारी तांबडा, त्याच्याशेजारी पुन्हा हिरवा, मग पांढरा, मग काळा. काही ताळमेळ नाही. आता हा पडला औषधवाला. याच्या हातून उलटं ठेवलेलं डबडंसुद्धा सुटत नाही. दुसऱ्याच्या घरी गेला तरी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून येतो. जित्याची खोड. दोन संध्याकाळी खपून त्याने एकेक मासा घासला, गळ बदलले, लाकडाला तेलाचा हात दिला आणि मग रंगाप्रमाणे लावून टाकले. पांढऱ्यापासून सुरुवात, मग पिवळे, मग हिरवे चार ओळीने, मग तांबडे, तपकिरी, शेवटी काळा. बायको बघायला आली तेव्हा तिने टाळी वाजवली. "अय्या, किती गोड दिसतंय रे! अण्णा खूश होतील." अण्णा आले, त्यांनी पेटी उघडली, बघितली. बोट फिरवलं एका-एकावरून. "वा," म्हणाले. "छान लावलीत." आणि झाकण बंद केलं, अगदी हळू. त्याला तेव्हा वाटलं होतं, म्हातारा भारावला.

उंटावरचा शहाणा! दुपारी दवाखान्यातली गर्दी आली आणि तो चिठ्ठ्या वाचत, पट्ट्या कापत, सुटे परत करत राहिला, आणि हात चालू असताना डोक्यात मात्र एकच गोष्ट घरंगळत होती. ताळमेळ नव्हता असं नाही. ताळमेळ होता, त्याला दिसला नाही. पहिला खण कडक उन्हाचा, दुसरा ढगाळ दिवसाचा, वरची ओळ नितळ पाण्याची आणि खालची गढूळ, असं काहीतरी असणार. अण्णा रंग बघून उचलतच नव्हते. खण मोजून उचलत होते. ते बोट फिरवणं, ज्याला तो मास्तरांची ऐट समजत होता, ती ऐट नव्हती, मोजणी होती. किती वर्षं? त्याला आठवलं की अण्णांनी गिरणी मुदतीच्या आधी चौदा महिने सोडली होती. पाठ दुखते म्हणाले. पाठीचं एक औषध त्यांनी याच्याकडून कधी नेलं नाही. पेपर वाचायचे चष्म्याशिवाय, लांबची बसची पाटी वाचायचे. नजर शाबूत होती, गेले होते ते फक्त रंग. आणि रंगमास्तराचे रंग गेले हे कोणाला सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ झाकलेली राहावी म्हणून बारा खण होते, आणि याने ते घासून, पुसून, तेल लावून विस्कटून टाकले होते. एका बाईंना त्याने खोकल्याऐवजी भाजल्याचं मलम दिलं. त्या चांगल्या होत्या, दारातून परत आल्या. "लक्ष कुठाय तुमचं?" म्हणाल्या आणि हसल्या. त्याला हसणं जमलं नाही.

लक्ष कुठे होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. ते गेल्या वर्षीच्या एका रविवारी होतं. तलावाचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ, डोक्यावर ऊन, आणि डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, आज कुठला?" अण्णांनी पेटी उघडली, बोट फिरवलं आणि काळा उचलला. भर उन्हात, नितळ पाण्यात, काळा. डॉक्टर क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांनीही मुकाट्याने काळाच बांधला, कारण मास्तर म्हणतात तर त्यात काही असेल. याने मात्र स्वतःच्या दोऱ्याला फिका चंदेरी बांधला, जो अण्णांनीच त्याला कधीकाळी शिकवला होता, आणि तासाभरात त्याच्या काठीला असा हिसका बसला की गुडघे टेकले. दोन किलोचा बास. आयुष्यातला पहिला मोठा. डॉक्टर ओरडले, "मास्तर, जावयानं चीत केलं की तुम्हाला!" अण्णा हसले, मासा सोडवायला स्वतः पाण्यात उतरले, गळ कसा काढायचा ते दाखवलं. त्या वेळी, त्या नेमक्या वेळी, अण्णा गुडघाभर पाण्यात वाकलेले असताना, याच्या मनात काय होतं? दया नव्हती. शंका तर होती, चांगली होती, की हा माणूस आज चुकीचा रंग कसा उचलतो. पण त्या शंकेच्या वर, दुधावर साय यावी तसं, काहीतरी गोड होतं. बारा वर्षं प्रत्येक गोष्टीत 'अण्णांना विचार' ऐकलेल्या माणसाला ते गोड लागलं होतं. म्हणून तो गप्प बसला. पुढच्या रविवारी अण्णांनी गढुळात पांढरा लावला, तेव्हाही गप्प बसला. त्यानंतरच्या रविवारी डॉक्टरांनी विचारणं बंद केलं. आधी बांधायचे आणि मग मास्तरांकडे न बघता पाण्याकडे बघायचे. म्हातारपण, दुसरं काय, असं ते याच्या कानात म्हणाले आणि याने मान हलवली. हो, मान हलवली! पावसाळ्यानंतर अण्णा तलावावर यायचे बंद झाले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने पेटी जेवणाच्या टेबलावर उघडली आणि मासे बाहेर काढून मूळचा क्रम आठवायला बसला. हिरव्याशेजारी तांबडा, हे आठवत होतं. पण कुठला हिरवा? चार होते. समोर धरले तर चार वेगळे दिसायचे, खाली ठेवले की पुन्हा सगळे एक. बायको भाजी निवडत समोर बसली. "काय चाललंय?" "काही नाही, पूर्वी कसे होते तसे लावतोय." "अरे मग अण्णांना विचार ना, त्यांना तर झोपेत पाठ असेल." तिने सहज म्हटलं, नेहमीसारखं. त्याने तिच्याकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं. हिच्या कपाटातल्या प्रत्येक कपड्याच्या रंगाला अण्णांनी नाव दिलेलं, आणि हिला ठाऊक नव्हतं की गेल्या महिन्यात वाढदिवसाला ती नवी साडी नेसून आली तेव्हा अण्णांनी "सुंदर" एवढंच का म्हटलं आणि पुढे काहीच का नाही. ती हिरमुसली होती तेव्हा. घरी आल्यावर म्हणालीही, "अण्णांचं आता कशात लक्ष नाही राहिलं." सांगावं का हिला? सांगायचं म्हणजे आधी आपलं सांगावं लागेल, आणि आपलं सांगायचं तर त्यांचं उघडं पडणार. मासे न लावताच पेटीत टाकून त्याने झाकण लावलं. विचारायचं तर एकालाच विचारता येणार होतं आणि त्यालाच विचारायचं नव्हतं.

रविवारी सकाळी मात्र तो गेला. तीन जिने चढताना त्याने वाक्य दोनदा घोकलं. अण्णांनी दार उघडलं, त्याच्या हातातली पेटी बघितली आणि काही न विचारता आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. खिडकीतून ऊन आलेलं, सासूबाई गेल्यापासून दोन वर्षांत खोली तशीच, फक्त जास्त मोकळी. दोरीवर मोज्यांचे जोड वाळत होते आणि प्रत्येक जोड सुईदोऱ्याने एका टाक्यात अडकवलेला होता. त्यातला एक जोड टाका सुटून लांब लांब लोंबत होता. त्याने तिकडून नजर काढून घेतली.

"अण्णा, माझ्याकडून चूक झालीय." घोकलेलं वाक्य दुसरंच होतं, पण निघालं हे. "मी पेटी लावली गेल्या वर्षी. मला वाटलं अव्यवस्थित आहे. मला कळायला हवं होतं की ती तशी मुद्दाम..."

"साखर एकच ना?"

"अण्णा."

"कळलं होतं मला," अण्णा आतूनच म्हणाले. "आलो त्याच दिवशी. तिसऱ्या खणातल्याच्या पोटावर दाताचा ओरखडा आहे एक. तो नवव्यात लागला बोटाला." ते दोन कप घेऊन आले, त्याच्यासमोर एक ठेवला. "एकाच माशाला ओरखडा आहे. बाकीच्या अकरांना तोही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पोरगी कौतुकाने सांगत होती, दोन दिवस खपलाय म्हणून. तुमचे हात बघितले मी, गळ टोचून बोटं फाटलेली. तेव्हा तुम्हाला सांगू की बाबा रे, मला दिसत नाही?" चहाचा घोट घेऊन ते थांबले. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं झालं माझं. नशिबाने पांढरा येईल, नशिबाने काळा येईल. टाकत राहिलो. आणि एक वाटत होतं. तुम्ही शेजारीच उभे होतात की. वाटलं, तुमच्या लक्षात येईल."

आता उठून जाता आलं असतं. अण्णांनी तर सगळं पोटात घातलंच होतं, चुकीला चूक म्हणून माफ केलं होतं, आणि राहिलेलं कोणी विचारलं नव्हतं. चहावर साय धरायला लागली होती. त्याने कप उचलला आणि परत ठेवला.

"आलं होतं लक्षात," तो म्हणाला. "डोळ्यांचं नाही, ते परवा कळलं, दुकानात. पण रंग चुकतोय हे आलं होतं. पहिल्याच रविवारी, तुम्ही काळा उचललात तेव्हा. मी बोललो नाही. मला बरं वाटलं होतं, अण्णा. मला मासा लागला आणि तुम्हाला नाही, म्हणून." आपला आवाज त्याला परक्याचा वाटला. "डॉक्टर म्हातारपण म्हणाले तर मी मानसुद्धा हलवली."

अण्णांनी आपला कप खाली ठेवला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. एकदा, दोनदा, तीनदा. त्याला वाटलं आता ते ऊठ म्हणतील. म्हणावं त्यांनी, असंही वाटलं. त्याला खाली बघवेना आणि वरही बघवेना.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "मासा सोडवायला मी वाकलो होतो ना पाण्यात, तेव्हा वर बघितलं तुमच्याकडे. रंग गेले माझे. तोंडं दिसतात अजून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं, चार शब्द ऐकून माणूस मोकळा तरी होतो. त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली, झाकण उघडलं. मासे त्याने टाकले होते तसेच एकावर एक पडलेले होते.

"क्रम सांगा मला," तो घाईने म्हणाला. "मी आत्ता लावून देतो. आत्ताच."

"क्रम सांगतो. पण मासा ओळखणार कोण?" अण्णा म्हणाले. "तुमच्या सासूबाईंनी लावली होती ही. डोळ्यांचं तिला एकटीला माहीत होतं. मासेमारीचा राग होता तिला, वास येतो म्हणून पेटीला कधी हात लावत नव्हती. पण माझे रंग जायला लागले तशी बसली माझ्यासमोर, या इथेच. एकेक मासा खिडकीत धरायची आणि मला सांगायची, मी विचारायचो, ती पुन्हा बघायची. पहिल्यांदा तिलाही नुसता तांबडा आणि नुसता हिरवा यायचा. मग येत गेलं. शेवटी शेवटी तर दुखणं वाढलं होतं, बसवत नव्हतं तिला. पण बारावा खण लावूनच अंथरूण धरलं." त्यांनी चाचपून एक मासा उचलला. "त्यानंतर माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता पेटीला. मीही पुसली नाही कधी."

त्याला चिखल आठवला, सुकलेला, आणि त्यावरून आपण किती जोर लावून फडकं फिरवलं होतं ते. अण्णांनी मासा त्याच्यासमोर धरला, खिडकीकडे तोंड करून, उन्हात.

"हा कुठला?"

सात-आठ वर्षांत त्यांनी हे कोणाला विचारलं असेल तर एकीलाच. तो पुढे वाकला. "हिरवा," तो म्हणाला.

"हिरवे चार आहेत. कुठला?"

"फिका आहे. म्हणजे, अगदी फिका नाही. पिवळ्याकडे झुकलेला."

"पिवळ्याकडे की करड्याकडे? नीट बघा. यांतला एक ढगाळ दिवसाचा आहे आणि एक उन्हाचा. चुकवलात तर दोघेही वाया."

त्याने मासा हातात घेतला, उन्हात धरला, सावलीत धरला. पिवळ्याकडे. नाही, करड्याकडे. पाठीवर एक, पोटाशी दुसरा. बघता बघता मासा पुसट झाला, कडा विरघळल्या, खिडकी, ऊन आणि हिरवा सगळं एकात एक मिसळून थरथरायला लागलं.

"अण्णा, मला..."

"आधी डोळे पुसा," अण्णा म्हणाले. "ओल्या डोळ्यांना रंग कळत नाही. मग सांगा."